चारही बाजूंनी शिवलेली घडी

त्या साली गावचा पाझर तलाव पार तळाला गेला आणि बायकांची अब्रू उघड्यावर आली. अब्रू म्हणजे दुसरं काही नाही, दुकानातली पॅडं. पंधरा-वीस वर्षं पोरीबाळींनी ती काळ्या पिशवीत गुंडाळून, मागेपुढे बघून पाण्यात फेकली होती. पाणी होतं तोवर सगळं झाकलं गेलं. पाणी आटलं, चिखलाला भेगा पडल्या आणि भेगाभेगांतून प्लास्टिक वर आलं. कुजलं नव्हतं, विरलं नव्हतं, होतं तसंच होतं. कुत्री ते ओढत थेट पारापर्यंत न्यायची. पारावरचे बाप्ये तोंडाला रुमाल लावून हसायचे आणि दुपारी घरी जाऊन त्याच बायकांच्या हातची भाकरी खायचे.

छबुबाई एक दिवस पोतं आणि विळा घेऊन तलावात उतरली. सोबत मालनबाई होती, गावातल्या महिला सहकारी संस्थेची अध्यक्षीण. दोघींनी दोन दिवसांत चार पोती भरली. पारावरून कुणीतरी काहीतरी बोललं, तशी छबुबाई भरलं पोतं घेऊन सरळ पारावर गेली आणि लोकांच्या पुढ्यात ते टेकवून म्हणाली, "तुमच्याच आयाबहिनींचं हाय. वळखू येतंय का बघा." घटकाभरात पार रिकामा झाला.

अशी ती बाई. घाटनांदूरच्या अलीकडचं तिचं गाव, तीन एकर कोरडवाहू रान, नवरा वारलेला, वय पन्नाशीच्या पुढे. संस्थेत तिचं शिलाई मशीन खिडकीशी असायचं आणि तोंड मशीनपेक्षा जोरात चालायचं. संस्था तोवर शाळेचे गणवेश शिवत होती. दुष्काळात ते काम बंद पडलं आणि नेमकी तलावाची ही गोष्ट घडली. प्लास्टिक नको, जाळायला नको, फेकायला नको, आपण कापडाचीच घडी शिवू, धुवायची, वाळवायची, पुन्हा वापरायची, असं छबुबाईच्या डोक्यानं घेतलं. बायका पॅड म्हणत नाहीत, घडीच म्हणतात. पुरुषांच्या कानावर गेलं तरी त्यांना धुण्याची घडी वाटते.

घडीचा नमुना छबुबाईनंच काढला. आत फ्लॅनेलचे सहा पदर, वर मऊ सुती कापड, चारही बाजूंनी बारीक शिलाई आणि कडेनं लाल दोरा. जिल्ह्याच्या प्रदर्शनात ती घडी बघून शहरातल्या बाया म्हणाल्या, किती सुबक हो! त्या एका शब्दानं छबुबाईला दोन महिने जमिनीवर पाय ठेवू दिला नाही. मग गावोगाव तिची भाषणं सुरू झाली. समाजमंदिरात, शाळेत, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी त्यांच्या तळावर. घडी हातात उंच धरायची आणि सांगायची: गार पाण्यात भिजवा, साबणानं दोनदा धुवा आणि भर उन्हात वाळवा, उन्हाला कशाची आलीय लाज! बायका आधी पदरात तोंड लपवायच्या, मग हळूहळू पदर काढायच्या. एवढं काम ह्या एका बाईनं केलं, हे कुणालाही नाकारता यायचं नाही.

फक्त एक गोष्ट होती आणि ती इतकी साधी होती की कुणाच्या ध्यानातच आली नाही. छबुबाईनं स्वतः ती घडी कधी वापरली नव्हती. संस्थेनं पहिली घडी शिवली त्याच्या चार वर्षं आधीच तिची पाळी गेली होती. तिच्या काळात ती जुन्या लुगड्याचा तुकडा घ्यायची, धुऊन सगळा उकलायची आणि कडब्याच्या पेंढीवर पसरायची. एका पदराचं कापड ते, वाऱ्यानंही वाळायचं. सहा पदरांची चारही बाजूंनी शिवलेली घडी किती पाणी पिते आणि तिचं पोट किती दिवस ओलं राहतं, हे तिच्या अंगाला ठाऊकच नव्हतं.

ते ठाऊक होतं शिवकन्येला.

शिवकन्या तिची सून. गोदाकाठच्या तलवाड्याची पोर. हसली की डोळे बारीक व्हायचे, म्हणून छबुबाई तिला लाडानं मिचकी म्हणायची. छबुबाईच्या लेकाशी, जालिंदरशी लग्न होऊन चार वर्षं झाली होती. एकदा दिवस गेले, ते तिसऱ्या महिन्यात वाया गेले. तेव्हापासून घरात सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे लागलं होतं. शिवकन्येनं तर बाळंतविड्यासाठी टोपडं शिवून ट्रंकेत ठेवलं होतं आणि कुणाला दाखवत नव्हती. छबुबाईला ते माहीत होतं, पण माहीत असल्याचं तीही दाखवत नव्हती.

जालिंदर पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता. टँकर आठ दिवसांनी यायचा आणि घराला दोन टिपाडं पाणी मिळायचं. ड्रायव्हरचं घर म्हणून एक घागर तरी जास्त मिळावी, असं कुणाच्याही मनात येईल. छबुबाईनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मपल्या दारात येक कळशीबी जास्त सांडली तर गावात तोंड दावायला जागा न्हाई." त्यामुळे पाण्याची रांग घरातही लागलेली. घमेल्यात बसून आंघोळ करायची, त्या पाण्यात धुणं धुवायचं, धुण्याचं पाणी दारातल्या लिंबोणीला घालायचं. विटाळाच्या कापडाचं पाणी मात्र झाडाला चालत नाही, झाड जळतं म्हणतात. म्हणून ते कापड सगळ्यांच्या शेवटी. शिवकन्येच्या घड्यांच्या वाट्याला उरलेला काळा फेस यायचा आणि वर एक तांब्या चांगलं पाणी.

बरं, वाळवायला तरी ऊन? मराठवाड्यात त्या साली दुसरं काही नव्हतं, ऊन मात्र फुकट होतं. पण घरात जाईबाई होती, छबुबाईची सासू, ऐंशीच्या पुढची. तिचं म्हणणं एकच, ते कापड सापाच्या नजरेला पडलं तर बाईची कूस उजवत नाही. शिवकन्येनं पहिल्यांदा दोरीवर घड्या टाकल्या तेव्हा म्हातारीनं दोन दिवस भाकरीला हात लावला नाही. "येक गरभ गेला, आता काय वंसच बुडवता?" म्हणून रडली. छबुबाईनं सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, "म्हातारी पिकलं पान हाय, कशाला तिच्या जिवाला घोर? तवर गोठ्यात वाळव, कडब्याच्या आडोशाला." पन्नास गावांत भांडून आलेल्या बाईनं घरात भांडण नको म्हणून एवढंच केलं. पुष्कळ शहाणी माणसं असंच करतात.

एका दुपारी शिवकन्या संस्थेत डबा घेऊन आली. छबुबाई मशीनवर होती. शिवकन्येनं शिवून ठेवलेली एक घडी उचलली, बोटांनी चाचपली आणि म्हणाली, "आत्या, हिचं मधलं वाळंना बगा. येक बाजू उघडी ठिवली तर? आत हात घालून पदर सोडवता येतील. पानीबी कमी लागंल."

छबुबाई हसली. "अगं मिचके, ही परदर्शनाला जायची हाय. उघड्या कडेची घडी कोन घील? तू ऊन दाव तिला, वाळती का न्हाई बघ."

शिवकन्येनं घडी होती तशी गठ्ठ्यावर ठेवली, डबा खिडकीत ठेवला आणि गेली. ऊन दाखवायला कुणी बंदी केलीय, हे छबुबाईला त्या वेळी आठवलंही नाही. ती मशीन मारत राहिली.

मग उन्हाळा चढला. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, इकडे टँकर आठाचे दहा दिवसांवर गेले. शिवकन्या सुकत चालली. चालताना पाय फाकून टाकायची, बसताना ओठ दाबायची. एकदा छबुबाईनं विचारलं, "काय गं?" तर म्हणाली, "उष्णता झालीय आत्या." छबुबाईला ते पटलं, कारण ते पटायला सोपं होतं. तिनं रात्रभर भिजवलेलं धने-जिऱ्याचं पाणी दिलं आणि सकाळी भाषणाला पालीला निघून गेली. पुढे कितीतरी दिवस तिला तो पेला डोळ्यांसमोर दिसायचा आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावं असं वाटायचं.

चैत्रात शिवकन्या चार दिवस म्हणून माहेरी गेली. चाराचे वीस दिवस झाले. एका दुपारी तिच्या आईचा, केशरबाईचा फोन आला.

"ईहीनबाई, पोरीला दवाखान्यात आनलंय. आतून सगळी सडलीया म्हनत्यात. डागतर म्हनला, गरभाची पिशवी काडावी लागंल, न्हाईतर कॅन्सर व्हईल. उद्या दोन वाजता हाय."

छबुबाईच्या हातातली कात्री खाली पडली. "केशरबाई, हात लावू दिऊ नका! पाया पडते तुमच्या. मी येतीय, मी आल्याबिगर कायबी करू नका."

तिनं जालिंदरला फोन लावला. तो टँकर भरायला विहिरीवर नंबर लावून उभा होता. "आई, मी हो म्हनलोय," तो म्हणाला. "कॅन्सर म्हनल्यावर मी काय करू? ती जगली पायजे. लेकरू न्हाई झालं तर न्हाई झालं." पलीकडे फोनवर तो रडतोय हे तिला कळलं, पण चोवीस वर्षांची पोर आणि पिशवी काढायची, हे तिच्या डोक्यात मावत नव्हतं. तोडीला जाणाऱ्या बायांच्या पिशव्या ह्या जिल्ह्यात कशा निघतात, हे तिनं शंभर वेळा ऐकलं होतं. भाषणात ती सांगायची, बायांनो, लगेच काढू नका, मोठ्या दवाखान्यात दाखवा, पुष्कळदा गोळ्या-औषधांनी बरं होतं. आता ते आपल्याच सुनेला सांगायला तिला जिल्ह्याच्या ह्या टोकापासून त्या टोकाला जायचं होतं.

पहाटेची पहिली एसटी तिनं धरली. अंबाजोगाई, केज, बीड, पुढे आणखी दोन गाड्या बदलून साडेबाराला ती तालुक्याच्या त्या गावी उतरली. दवाखाना खाजगी होता, दुमजली, खाली औषधाचं दुकान. वरच्या खोलीत ओळीनं सहा खाटा होत्या आणि सहाही खाटांवर बायकाच होत्या. शिवकन्या शेवटच्या खाटेवर होती. हाताला सुई, केसांचे दोन घट्ट शेपटे घातलेले, अंगात दवाखान्याचा हिरवा झगा. छबुबाईला बघून तिचे डोळे बारीक झाले नाहीत.

छबुबाई खाटेवर बसली. तिनं सुनेचा हात हातात घेतला आणि एका दमात बोलून टाकलं. "ऊठ. आपल्याला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात जायचंय. मोठा दवाखाना हाय, सगळ्या तपासण्या व्हत्यात. औषधानं बरं व्हईल. मी सगळ्या बायांना हेच सांगते."

"बायांना सांगता," शिवकन्या हळू बोलली. "मला कदी इचारलं, आत्या?"

"इचारलं की गं. तू म्हनलीस, उष्णता झाली."

"मग काय सांगू? तुमच्याच सुनंला खाज सुटली म्हनल्यावर तुमची घडी कोन घेनार व्हतं? तुमी समदीकडं छाती काडून बोलायच्या. मी गोठ्यात वल्ली घडी वास घिऊन बगायची आन तशीच लावायची. कवा कवा वाटायचं दुकानातलं आनावं. पन तलावातलं पोतं तुमी खांद्यावरनं आनल्यालं मीच बगितलं व्हतं. कसं आनू?"

शेजारच्या खाटेवरची बाई कुशीवर वळून ऐकायला लागली. केशरबाई पायथ्याशी उभी राहून पदरानं डोळे पुसत होती.

"आत्या, येक इचारू? तुमी कदी लावली का वो ती घडी? येकदा तरी?"

खोटं बोलता आलं असतं. कुणाला कळणार होतं? पण छबुबाईच्या तोंडून "न्हाई" असंच आलं.

शिवकन्येनं मान हलवली. रागानं नाही. तिला ते आधीपासूनच माहीत असावं. "मला वाटलंच व्हतं," ती म्हणाली. "मी त्या दिवशी सांगितलं, येक बाजू उघडी ठिवा. तुमी हसल्या."

"चुकलं माजं. पोरी, चुकलं. पाया पडते तुज्या, पर ही पिशवी काडू नको. तुला लेकरू पायजे ना? त्या ट्रंकेत टोपडं..."

टोपड्याचं नाव निघालं तशी शिवकन्येचा इतका वेळ धरलेला धीर सुटला. तोंड उशीत घालून ती रडली. केशरबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. बऱ्याच वेळानं शिवकन्येनं तोंड पुसलं आणि जे बोलली ते छबुबाईला मरेपर्यंत पुरणार होतं.

"डागतर खोटं बोलतो का खरं, मला कळत न्हाई आत्या. पन त्यानं मला झोपवलं, दिवा लावला आन इचारलं, कुटं दुकतंय, कवापसनं दुकतंय. घरात मला कुनी इचारलं न्हाई. त्यानं इचारलं. आता तो म्हनंल ते खरं. मला लई दमायला झालंय. अंबाजोगाईला जायचं बळ न्हाई माज्यात. दर म्हयन्याला ते पानी मागायचं, ते गोठ्यात लपवायचं, आता नको मला ते. मला सुटू द्या."

छबुबाई उठली. डॉक्टरच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिली, आत गेली, हात जोडले, दुसरीकडे दाखवायचंय म्हणाली. डॉक्टर चांगल्या बोलीचा माणूस होता. त्यानं कागद दाखवला, त्यावरची काळी-पांढरी आकृती दाखवली आणि म्हणाला, "न्या ना, माझी काही हरकत नाही. पण उद्या काही झालं तर जिम्मा तुमचा." त्या आकृतीत छबुबाईला ढगासारखं काहीतरी दिसलं, बाकी काही नाही. पन्नास गावांत तिनं सांगितलं होतं की डॉक्टरला प्रश्न विचारा. तिला एकही प्रश्न सुचला नाही. तिनं फक्त विचारलं, "लई दुकतं का वो तिला?" डॉक्टर म्हणाला, "दुखणारच." ती बाहेर आली.

दोन वाजता शिवकन्येला आत नेलं. जाताना तिनं सासूचा हात सोडला नाही, दारापर्यंत धरून ठेवला. दारात नर्सनं तो सोडवला.

बाहेर बाकावर दोघी विहिणी बसल्या. एकमेकींना दोष देण्यासारखं पुष्कळ होतं. केशरबाई म्हणू शकली असती, माझी पोर तुमच्या घरात अशी झाली. छबुबाई म्हणू शकली असती, वीस दिवस गप का बसलात. केशरबाईनं पिशवीतून भाकरी काढली, अर्धी पुढे केली, आणि दोघींनीही ती हातात धरून ठेवली. मालनबाईचा फोन आला, उद्या अधिकारी मॅडम संस्था बघायला येणार, तू हवीस. छबुबाई म्हणाली, "मी येत न्हाई. आन मालनबाई, शिवून ठिवल्याल्या घड्या हायत ना, येकाबी बाईला दिऊ नका. समद्यांची येक बाजू उसवा." पलीकडून मालनबाई "कावून? कावून?" म्हणत कारण विचारत राहिली. "मपल्या सुनंनं सांगितलंय," छबुबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

तासाभरानं नर्स दार उघडून बाहेर आली. तिच्या हातात स्टीलचं ताट होतं, त्यावर कापड. "नातेवाईक कोण? बघून घ्या, नंतर बघितलं नाही म्हणू नका," असं म्हणून तिनं कापड बाजूला केलं. केशरबाईनं तोंड फिरवलं. छबुबाई पुढे झाली.

एवढीशी होती, मुठीएवढी, पेरूएवढी. गुलाबी, ओली. छबुबाई वाकून बघत राहिली. कुठे सडलंय, कुठे गाठ आहे, कुठे काळं पडलंय, ते तिला शोधायचं होतं. काहीतरी दिसलं असतं तर बरं झालं असतं. तिला काहीच दिसलं नाही. पण ती काय डॉक्टर होती? बाईच्या आतलं तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं. चांगलं कसं असतं आणि खराब कसं असतं, हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. तिनं नर्सला विचारलं, "बाई, ही खराब हाय का?" नर्स म्हणाली, "ते सर सांगतील," आणि ताट झाकून आत निघून गेली. सरांना पुढची केस होती.

उन्हं कलताना शिवकन्येला खाटेवर आणलं. तिचे ओठ कोरडे पडले होते आणि पाणी द्यायचं नाही म्हणून सांगितलेलं. छबुबाई बोटाला ओला कापूस गुंडाळून तिचे ओठ पुसत बसली. बऱ्याच वेळानं शिवकन्येनं डोळे उघडले. आधी कुठे आहोत ते तिला कळेना. मग कळलं. हात हळूच पोटावर गेला आणि तिथेच थांबला.

"आत्या, तुमाला दावली का?"

"दावली."

"खराब झालती ना?"

शिवकन्या सासूच्या तोंडाकडे बघत होती. डोळे मोठे करून, एवढ्या ग्लानीतही पापणी न लवू देता. त्या एका उत्तरावर तिला पुढची सगळी वर्षं काढायची होती, हे छबुबाईला दिसत होतं.

"व्हय गं माय," छबुबाई म्हणाली. "लई खराब झालती. बरं झालं काडली."

शिवकन्येनं सुस्कारा टाकला आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं तिला झोप लागली. छबुबाई तिचे ओठ पुसत राहिली.